मोठ्या संख्येची सगळी माहिती कशी काढावी: ८७५३९३१९ घेऊन पायरीपायरीने

एखादी आठ-दहा अंकी संख्या समोर आली की नवशिके एकदम सगळेच प्रश्न विचारू लागतात. मूळ आहे का? वर्ग आहे का? हर्षद आहे का? कापरेकर आहे का? मग प्रत्येक प्रश्नासाठी नव्याने आकडेमोड सुरू होते आणि वहीची चार पानं भरली तरी हाती काही लागत नाही. काम नीट क्रमाने केलं तर निम्म्याहून अधिक उत्तरं एकाच गोष्टीतून पडतात, ती म्हणजे संख्येचे मूळ अवयव. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

उदाहरणासाठी ८७५३९३१९ घेऊ. दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज म्हणून तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या. जॉन लीच यांनी ती १९५७ मध्ये शोधली. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ दोन प्रकारे लिहिता येते, तिच्या पुढची पायरी ही. शिकायला ती फार चांगली आहे, कारण नेहमीच्या चुकांपैकी बहुतेक हिच्यावर काम करताना समोर येतात.

लागणारं साहित्य

- चौकटीची वही. अंक चौकटीत बसवले की हातचे चुकत नाहीत.
- १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांची यादी.
- किमान १२ अंकी कॅल्क्युलेटर. दुकानातला ८ अंकी इथे अपुरा आहे. संख्या त्यावर मावते, पण विभाजकांची बेरीज नऊ अंकी येते.
- संगणक असेल तर पायथॉन. त्यात पूर्णांक कितीही लांब चालतात. फक्त भागाकाराला दोन तिरप्या रेघा वापरा. एका रेघेने उत्तर दशांश अपूर्णांकात येतं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक बिघडू शकतात.
- एक्सेल जपून वापरा. ते पंधराच सार्थ अंक दाखवतं, पुढच्या अंकांच्या जागी शून्य टाकतं. आपल्या संख्येचा वर्ग सोळा अंकी आहे.

१. संख्या आधी नीट लिहून घ्या

आपल्या पद्धतीने ही संख्या ८,७५,३९,३१९ म्हणजे आठ कोटी पंचाहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस. परदेशी पुस्तकांत ती ८७,५३९,३१९ अशी तीन-तीन अंकांत तोडलेली दिसते. वाचायला दोन्ही ठीक, पण पुढच्या पायरीत तीन-तीन अंकांचे गट लागतात आणि तिथे आपले स्वल्पविराम घात करतात. वहीत संख्या एकदा स्वल्पविरामाशिवाय लिहा आणि खाली उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ८७ | ५३९ | ३१९.

२. भागाकार न करता जेवढं कळतं तेवढं कळून घ्या

एकक स्थानी ९ आहे, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ८+७+५+३+९+३+१+९ = ४५, म्हणजे ३ आणि ९ ने भाग जातो.

आता गटांची साधी बेरीज करा: ८७+५३९+३१९ = ९४५. ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे या बेरजेला २७ किंवा ३७ ने भाग गेला तर आपल्या संख्येलाही जातो. ९४५ = २७ × ३५. म्हणजे २७ ने भाग जातो, ३७ ने जात नाही.

मग गटांची उजवीकडून एकाआड एक वजाबाकी-बेरीज करा: ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे ही एकच ओळ तीन कसोट्यांचं काम करते. १३३ = ७ × १९, म्हणून ७ ने भाग जातो; ११ आणि १३ ने जात नाही.

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. आपल्या स्वल्पविरामांप्रमाणे गट घेतले तर ३१९ − ३९ + ७५ − ८ = ३४७ येतं. त्याला ७ ने भाग जात नाही, आणि ७ हा अवयव हातातून निसटतो. हजाराची कसोटी हजाराच्याच गटांवर चालते, लाख-कोटींच्या नाही.

शेवटच्या दोन नोंदी, पुढे लागतील: शेवटचे तीन अंक ३१९, त्याला ८ ने भागल्यास बाकी ७. आणि ११ ने भागल्यास बाकी किती? एकाआड एक अंक उजवीकडून: ९−१+३−९+३−५+७−८ = −१, म्हणजे बाकी १०.

३. मूळ अवयव पाडा

नियम साधा आहे: लहान मूळ संख्येपासून सुरुवात करा, वर्गमूळापर्यंत जा. पण वर्गमूळ कशाचं? सुरुवातीला आपल्या संख्येचं, म्हणजे ९३५६ (पुढचा अपूर्णांक सोडून). एवढ्या मर्यादेपर्यंतच्या हजाराहून अधिक मूळ संख्या तपासायच्या या विचाराने अनेकजण इथेच थांबतात. खरं तर प्रत्येक अवयव सापडला की उरलेल्या भागाकाराचं वर्गमूळ ही नवी मर्यादा होते:

८७५३९३१९ ÷ २७ = ३२४२१९७, मर्यादा १८००
३२४२१९७ ÷ ७ = ४६३१७१, मर्यादा ६८०
४६३१७१ ÷ ३१ = १४९४१, मर्यादा १२२
१४९४१ ÷ ६७ = २२३, मर्यादा १४

२२३ ला १३ पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणून ती मूळ. काम संपलं, आणि ६७ पर्यंतच्या एकोणीस मूळ संख्यांपलीकडे जावं लागलं नाही.

८७५३९३१९ = ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३

भाग गेला की तीच मूळ संख्या पुन्हा लावून पाहा. ३ एकदाच काढून पुढे गेलात तर घातांक चुकतो आणि पुढची सगळी उत्तरं चुकतात.

तुमच्या स्वतःच्या संख्येला बराच वेळ अवयवच मिळत नसेल तर ती मूळ असण्याची शक्यता धरून संगणकावर मिलर–राबिन कसोटी (अवयव न पाडता संख्या मूळ आहे का हे तपासणारी) लावा. नुसत्या फर्माच्या कसोटीवर (एखादा पाया घेऊन त्याचा, संख्येपेक्षा एकाने कमी असलेला घात काढायचा आणि संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का ते पाहायचं) विसंबू नका. ५६१ (३ × ११ × १७) आणि १७२९ (७ × १३ × १९) या संयुक्त असूनही, त्यांच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेला) असा कोणताही पाया घेतला तरी ती कसोटी पार करतात. अशांना कार्मायकल संख्या म्हणतात. आपली संख्या कार्मायकल असूच शकत नाही, कारण त्यासाठी एकही मूळ अवयव दोनदा येऊन चालत नाही आणि इथे ३ तीनदा आला आहे.

४. अवयवांवरून वर्गवारी

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार. ४ × २ × २ × २ × २ = ६४.

विभाजकांची बेरीज: ३³ साठी १+३+९+२७ = ४०, बाकीच्यांसाठी मूळ संख्या अधिक एक. ४० × ८ × ३२ × ६८ × २२४ = १५५९७५६८०. ३³ साठी ४ × ४ × ४ = ६४ धरणं ही नेहमीची चूक आहे.

या बेरजेतून संख्या स्वतः वजा करा: ६८४३६३६१. हे संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून संख्या न्यून. बरोबर असतं तर परिपूर्ण, जास्त असतं तर विपुल.

संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या: १८ × ६ × ३० × ६६ × २२२ = ४७४७२४८०. इथेही ३³ साठी २७ − ९ = १८ घ्यायचे, २ × २ × २ नाही.

संख्या वर्ग नाही, कारण सगळे घातांक सम नाहीत. घन नाही, कारण सगळे घातांक ३ च्या पटीत नाहीत. अवयव पाडायच्या आधीही वर्ग नसल्याचं दिसत होतं: विषम वर्गसंख्येच्या दशक स्थानी नेहमी सम अंक असतो, आणि इथे १ आहे. हीच युक्ती त्रिकोणी संख्येच्या तपासणीत वापरा. संख्येची आठपट अधिक एक ही वर्गसंख्या आली तरच संख्या त्रिकोणी. इथे ७००३१४५५३ येतं, दशक स्थानी ५. वर्गमूळ काढायची गरजच नाही.

५. वर्गांची बेरीज

दोन वर्गांची बेरीज होण्यासाठी, ४ ने भागल्यावर ३ बाकी देणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम हवा. इथे ३, ७, ३१, ६७, २२३ हे पाचही तसे आहेत आणि पाचही विषम घातांकाचे. म्हणजे नाही.

तीन वर्ग? ८ ने भागल्यावर ७ उरणारी संख्या तीन वर्गांची बेरीज कधीच होत नाही. दुसऱ्या पायरीत बाकी ७ लिहून ठेवली होती, ती इथे कामी आली. तेही नाही.

चार वर्ग मात्र लाग्रांज यांच्या १७७० च्या प्रमेयानुसार कोणत्याही संख्येला पुरतात. शोधायची रीत: वर्गमूळाजवळची एक संख्या घ्या आणि उरलेल्याचे तीन वर्ग करा. ९३५६ घेतलं तर ४५८३ उरतात, पण ४५८३ ला ८ ने भागल्यावर पुन्हा ७ उरतात, म्हणून तो रस्ता बंद. एक पाऊल मागे या: ९३५५ घेतल्यावर २३२९४ उरतात. त्यातून १५१² गेल्यावर ४९३, आणि ४९३ = १८² + १३².

८७५३९३१९ = ९३५५² + १५१² + १८² + १३²

दोन घनांत तीनदा बसणारी ही संख्या तीन वर्गांत एकदाही बसत नाही. मला तिचा हा गुण फार आवडतो.

६. घनांची बेरीज: या संख्येचं खरं वैशिष्ट्य

इथे घाई करू नका. बहुतेकजण १³, २³, ३³ असे एकेक घन वजा करत ४४४ पर्यंत जातात. उत्तर मिळतं, पण अवयव हातात असताना चार ओळींत होणारं काम आहे.

अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²). म्हणजे अ + ब ही बेरीज आपल्या संख्येचा विभाजक असलीच पाहिजे. शिवाय ती फार लहान किंवा फार मोठी असू शकत नाही. तिचा घन संख्येपेक्षा जास्त हवा आणि संख्येच्या चौपटीपेक्षा जास्त नको. ४४४³ = ८७५२८३८४ आपल्या संख्येहून कमी आहे, ४४५³ जास्त आहे; चौपटीचं घनमूळ ७०४ च्या थोडं पुढे. म्हणून बेरीज ४४५ ते ७०४ मध्ये.

चौसष्ट विभाजकांपैकी या टप्प्यात किती? ७, ३१, ६७, २२३ यांचे आपसांतले गुणाकार लिहा आणि प्रत्येकाला १, ३, ९, २७ ने गुणा. चारच सापडतात: ४६९, ६०३, ६५१, ६६९.

आणखी एक चाळणी लावा. कोणतीही संख्या आणि तिचा घन यांतला फरक ६ ने विभाज्य असतो, म्हणून अ + ब आणि अ³ + ब³ यांना ६ ने भागल्यावर सारखीच बाकी उरते. आपल्या संख्येची बाकी ३. ४६९ ची बाकी १, म्हणून तो बाद. उरले तीन.

आता ६०३ वर पूर्ण रीत पाहा:

संख्या ÷ ६०३ = १४५१७३
६०३² = ३६३६०९
३६३६०९ − १४५१७३ = २१८४३६, याला ३ ने भागून अब = ७२८१२
३६३६०९ − ४ × ७२८१२ = ७२३६१ = २६९²
अ = (६०३ + २६९) ÷ २ = ४३६, ब = (६०३ − २६९) ÷ २ = १६७

चौथ्या ओळीत पूर्ण वर्ग आला नाही तर तो विभाजक सोडून द्या. ६५१ ला फरक १९५ आणि ६६९ ला १५९ येतो. म्हणून:

८७५३९३१९ = १६७³ + ४३६³ = २२८³ + ४२३³ = २५५³ + ४१४³

चौथा प्रकार नाही हेही याच रीतीने सिद्ध झालं, कारण दुसरा उमेदवारच नाही. एकेक घन वजा करत जाणाऱ्यालाही तिन्ही जोड्या मिळतील, पण त्या तीनच का याचं कारण त्याला दिसणार नाही.

दोन गोष्टींची काळजी घ्या. पहिली, ‘धन’ हा शब्द सोडू नका. ऋण संख्यांचे घन चालत असतील तर ७२८ सुद्धा तीन प्रकारे लिहिता येते: ६³ + ८³, ९³ − १³ आणि १२³ − १०³. दुसरी, वरच्या आकडेमोडीतून ‘तीन प्रकारे’ एवढंच सिद्ध होतं, ‘सर्वांत लहान’ हे नाही. त्यासाठी १ ते ४४४ मधल्या सगळ्या जोड्यांच्या घनांची बेरीज करून, क्रमाने लावून, तीनदा आलेली पहिली बेरीज शोधावी लागते. जोड्या ९८७९० होतात. वहीचं काम नाही, संगणकाला क्षणभराचं आहे.

७. अंकांवर आधारलेले गुण

इथपर्यंतचं सगळं संख्येचं स्वतःचं होतं. ती दशमान पद्धतीऐवजी द्विमान पद्धतीत लिहिली तरी त्यातलं काही बदलत नाही. पुढचे गुण मात्र आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून आहेत. नोंदीत हे दोन गट वेगळे ठेवा. या प्रांतात देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचं काम मोठं आहे, आणि खालच्या चारपैकी तीन कल्पना त्यांच्या आहेत.

हर्षद: अंकांच्या बेरजेने संख्येला पूर्ण भाग जायला हवा. बेरीज ४५, संख्येच्या शेवटी ९, म्हणजे ५ ने भाग नाही. हर्षद नाही. ९ ने भाग जातो म्हणून हर्षद असं लिहून मोकळं होऊ नका. १७२९ मात्र आहे: बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९.

स्वयंभू: एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या तयार होत नाही ती स्वयंभू. तपासायला मागे ७२ संख्या पाहाव्या लागतील असं वाटतं, पण ९ च्या बाकीचा विचार केला तर आपल्या संख्येचा जनक (जिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवली की आपली संख्या येते ती) ९ च्या पटीतलाच हवा. म्हणजे ९, १८, २७ असे ७२ पर्यंत आठच प्रयत्न. ४५ मागे गेलं की ८७५३९२७४ मिळते आणि तिच्या अंकांची बेरीज ४५ च आहे. जनक सापडला, म्हणजे स्वयंभू नाही.

कापरेकर संख्या: वर्ग करून त्याचे दोन भाग पाडायचे, उजव्या भागात वर्ग केलेल्या संख्येइतके अंक ठेवायचे, दोन्हींची बेरीज तीच संख्या यायला हवी. २९७² = ८८२०९, ८८ + २०९ = २९७. आपल्या संख्येचा वर्ग ७६६३१३२३७०९८३७६१; ७६६३१३२३ + ७०९८३७६१ = १४७६१५०८४. नाही. हाच वर्ग एक्सेलमध्ये केला तर शेवटी १ च्या जागी ० दिसेल. ९ चा वर्ग ८१, म्हणून शेवटी १ हवाच, एवढं पाहिलं तरी चूक पकडता येते. आणि वर्ग न करताही उत्तर मिळतं: आठ अंकी कापरेकर संख्येला ११ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च असते. आपली बाकी १० होती.

आनंदी: अंकांच्या वर्गांची बेरीज करत राहायची, शेवटी १ आला तर आनंदी. ६४+४९+२५+९+८१+९+१+८१ = ३१९, मग ९१, ८२, ६८, १००, १. आहे. साखळीत ८९ किंवा ४ आला तर लगेच थांबा, तिथून १ कधीच येत नाही.

८. ताळा करा

गुणाकाराचा ताळा ९ ने करायची सवय अनेकांना असते. या संख्येवर तो ताळा जवळजवळ आंधळा आहे, कारण तिचीच बाकी ० आहे. ९ ची पट असलेला अवयव गुणाकारात असेल तर दुसरा अवयव कितीही चुकला तरी ताळा जुळतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तेही तो पकडत नाही. ११ चा ताळा घ्या. उदाहरणार्थ ६०३ × १४५१७३: बाक्या ९ आणि ६, गुणाकार ५४, त्याची बाकी १०. संख्येचीही १०. जुळलं.

नोंदीत किमान एवढं असावं: संख्या, मूळ अवयव, विभाजकांची संख्या व बेरीज, न्यून-परिपूर्ण-विपुल, वर्ग व घनांची मांडणी, आणि खाली वेगळ्या रकान्यात अंकांचे गुण, प्रत्येकासमोर वापरलेली व्याख्या. कापरेकर संख्येची व्याख्या सगळीकडे सारखी नसते, म्हणून व्याख्या न लिहिलेली नोंद पडताळता येत नाही. शेवटी पूर्णांकांच्या क्रमिकांच्या ऑनलाइन विश्वकोशात संख्या टाकून पाहा. ८७५३९३१९ तिथे ए०११५४१ या क्रमिकेत १७२९ च्या लगेच पुढे आहे. पण हा शोध स्वतःची आकडेमोड झाल्यावरच घ्या.

सरावासाठी ४१०४

वरच्या सगळ्या पायऱ्या या संख्येवर करा आणि उत्तरं पडताळा. अवयव २³ × ३³ × १९. विभाजक ३२, त्यांची बेरीज १२०००, म्हणून विपुल. अंकांची बेरीज ९, भागाकार ४५६, म्हणून हर्षद. आनंदी नाही, साखळी ८९ ला जाते. वर्ग १६८४२८१६, आणि १६८४ + २८१६ = ४५००, म्हणून कापरेकर नाही. घनांसाठी बेरीज १७ ते २५ मध्ये हवी. विभाजक १८, १९, २४. ६ ची बाकी ० हवी म्हणून १९ बाद. १८ वरून २³ + १६³ आणि २४ वरून ९³ + १५³.